व्रतवैकल्ये : शील आणि आरोग्य

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त पार्से येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या गावात पुस्तकांची कपाटे शंभर वर्षे उघडी राहावीत ही घटना लहान नव्हे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, गोव्यातील हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास मिळाला, आणि त्यानंतरच्या काळात ठिकठिकाणी मराठी शाळा व वाचनालये उभी राहिली. त्या पिढीने पदराला खार लावून हे काम केले. अशा प्रसंगी 'ग्रंथालय चालवणे हेही एक व्रतच आहे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. मी तो आज मोडणार आहे. 'व्रत' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे, आणि माझे आजचे बोलणे त्या शब्दाची मूळ किंमत काय होती एवढ्यापुरतेच आहे.

मी व्यवसायाने डॉक्टर. धर्मशास्त्राचा माझा अधिकार वाचकाचा आहे, पंडिताचा नाही. परंतु पेडणे तालुक्यात चाळीस वर्षे दवाखाना चालवला, तेव्हा व्रते पाळणारी माणसे मी जितकी जवळून पाहिली तितकी क्वचितच एखाद्या पुरोहिताने पाहिली असतील. पुरोहित त्यांना व्रताच्या दिवशी भेटतो. मी त्यांना दुसऱ्या दिवशी भेटतो.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या काकीमुळे. काकी आमच्या घरातील मोठी बाई. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा आणि श्रावणातले शनिवार असे तिचे उपास. पन्नाशीनंतर तिला मधुमेह जडला. गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या. एका वर्षी श्रावण संपता संपता तिच्या डाव्या पायाला काटा लागला आणि जखम चिघळली. साखर तपासली तर चारशेच्या वर. गोळ्या नियमित घेतेस ना, असे विचारले तेव्हा ती सहजपणे म्हणाली, "उपासाच्या दिसा गोळी कशी घेवची?" महिन्यातले बारा-तेरा दिवस तिची गोळी बंद होती, आणि त्याच दिवसांत ताटात साबुदाणा, बटाटा व रताळे होते. मी रागावलो तर म्हणाली, "एका दिसान कोण मरना रे!" ती गेली नाही, परंतु पायाचा अंगठा काढावा लागला. दोष तिच्या श्रद्धेचा होता असे त्या वेळी मी घरात सर्वांना सांगितले. आज तसे म्हणणार नाही. माझ्या घरातली बाई आयुष्यभर उपास करते हे मला ठाऊक होते, आणि गोळी लिहून देताना 'उपासाच्या दिवशी काय करतेस' एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असे आढळले. चार माणसांत एकाहून अधिक! ज्या प्रदेशात घरोघरी उपास आहेत आणि घरोघरी मधुमेहही आहे, तेथे उपासाचा विचार देवघरापुरता ठेवून चालणार नाही.

अंगठ्याच्या त्या प्रसंगानंतर मी धर्मशास्त्र उघडले. भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे आपल्या कोकणचेच. त्यांच्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा विचार सविस्तर आला आहे. 'व्रत' शब्दाची व्युत्पत्ती ते 'वृ' म्हणजे निवडणे या धातूपासून लावतात. व्रत म्हणजे माणसाने आपण होऊन निवडलेला नियम. ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवावी, तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

'उपवास' शब्दाचे स्पष्टीकरण तर आपल्याला चकित करील असे आहे. पापांपासून मागे फिरलेल्या माणसाने गुणांच्या सहवासात राहणे, सर्व भोग वर्ज्य करून राहणे, याला प्राचीनांनी उपवास म्हटले आहे. शरीर सुकवणे म्हणजे उपवास नव्हे, असेही त्यासोबत बजावले आहे. अग्निपुराणात सर्व व्रतांना समान असे दहा धर्म सांगितले आहेत : क्षमा, सत्य, दया, दान, शौच, इंद्रियनिग्रह, देवपूजा, अग्निहवन, संतोष आणि अस्तेय. या दहांत पोटाचा उल्लेख शोधू गेलात तर इंद्रियनिग्रहात काय तो सापडेल. उपवास कशाने नासतो याचीही यादी आहे. वारंवार पाणी पिणे, विडा चघळणे, दिवसा झोपणे, स्त्रीसंग. खिचडी खाऊन दुपारी ताणून देणारे आपण त्या यादीत कोठे बसतो याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि आता जे सांगतो ते काकीच्या अंगठ्याशी संबंधित आहे. कोणत्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही हे शास्त्रकारांनी स्पष्ट नोंदवून ठेवले आहे : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा, आणि औषध. औषध हा शब्द त्या वचनात अगदी उघड आहे. ज्यांना निराहार झेपत नाही त्यांना नक्त म्हणजे रात्री एकवार भोजन, किंवा एकभुक्त म्हणजे दिवसा एकवार भोजन, अशा पायऱ्या दिल्या आहेत. गर्भिणी व बाळंतीण यांना निराहार उपवास सांगितलेला नाही. आठ वर्षांखालील मुलाला आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धाला एकादशीचे बंधन नाही. आजाऱ्याने पुत्राकडून, भावाबहिणीकडून, पतीकडून वा पत्नीकडून व्रत करवून घेण्याची मोकळीक आहे. गौतमाच्या धर्मसूत्रात आत्म्याचे आठ गुण सांगितले आहेत. दया, क्षमा, अनसूया इत्यादींच्या पंक्तीत 'अनायास' नावाचा एक गुण आहे. शुभ कर्म असले तरी शरीराला पीडा होईल इतके ते ताणू नये, असा त्याचा अर्थ स्मृतिकार देतात. शरीराला न छळणे ही सवलत म्हणून सांगितलेली नाही, तो सद्गुण म्हणून सांगितला आहे. चाळीस संस्कार झाले आणि हे आठ गुण नसले तर त्या संस्कारांचा उपयोग नाही, इथपर्यंत गौतम जातो.

हे सर्व वाचून मला वाटले, मग ही माहिती आमच्या घरांपर्यंत आली कशी नाही? पोथी घरात होती, 'औषध' हा शब्द पोथीत होता, आणि काकीचा अंगठा तरी गेला.

माझ्यापुरते उत्तर असे की, ती आली होती, पण शास्त्राच्या रूपात नव्हे. ती कहाणीच्या रूपात आली होती. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी येथील प्रत्येक स्त्रीला ठाऊक असेल. राजा हुकूम काढतो, गावातले सगळे दूध देवाच्या गाभाऱ्यात आणून ओतावे. घरोघरचे दूध जाते. वासरांना राहत नाही, पोरांना राहत नाही. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातली कामे आटोपली, मुलाबाळांना खाऊ घातले, लेकीसुनांना न्हाऊमाखू घातले, वासरांना पाजले, आणि उरलेले खुलभर दूध ती घेऊन आली. तेवढ्याने गाभारा भरून वाहतो. मुलांच्या तोंडचे काढून केलेली भक्ती देवाला पोहोचत नाही, इतके स्वच्छ वैद्यकीय आणि नैतिक विधान मला दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात एका ठिकाणी आढळलेले नाही. काकी ही कहाणी दर सोमवारी वाचत असे, आणि त्या खुलभर दुधाच्या हिशेबात तिने स्वतःला कधी धरले नव्हते.

आता उपासाच्या ताटाकडे वळू. या ताटाचा इतिहास गोमंतकीयांनी तरी जाणून घ्यावा असा आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला आणि त्याचे मराठी नावही पोर्तुगीजच राहिले. रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा दाणा ही सारी मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा पूर्वी मलायाकडच्या सागो ताडाच्या खोडातल्या पिठाचा असे. आज आपण खातो तो कसावाच्या कंदाचा, बहुतांशी तमिळनाडूतील सेलम भागात तयार होणारा, आणि कसावाही अमेरिकेतलाच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणी' रचला. त्याच्या व्रतखंडात यांपैकी एकही वस्तू असणे शक्य नव्हते. मग ही उपासाला चालू कशी लागली? उपासाला निषिद्ध होते ते धान्य. नव्या वस्तू धान्यांत मोडत नव्हत्या, म्हणून त्या चालल्या. नियमातील अक्षर पाळले गेले आणि ताट भरले. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. तो जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, प्रथिने नाममात्र. तूप व शेंगदाण्याचे कूट घालून केलेल्या खिचडीची एक भरगच्च थाळी नेहमीच्या भाताआमटीच्या जेवणाहून हलकी असते हा आपला गोड गैरसमज आहे.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. ज्यांच्या जहाजांनी बटाटा आणला त्यांच्याच इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात बाटलेल्या गोमंतकीयांना एकादशीचा उपवास करण्यास, दारी तुळस लावण्यास, भात अळणी शिजवून मागाहून मीठ घेण्यास मनाई केली होती. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथात या जाहीरनाम्याची माहिती मिळते. माणसाला त्याच्या मूळ समाजापासून तोडायचे तर त्याचा उपवास तोडावा लागतो, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. आपला पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली, नव्या काबिजादीत. तोवर त्यांचे धार्मिक धोरण सैल झाले होते, म्हणून येथली देवळे आणि व्रते वाचली. पार्शाच्या भगवतीचे नवरात्र आज आपण करतो ते या इतिहासाच्या कडेने वाचलेले आहे. एवढ्यासाठी, उपवासाला सरसकट हसणाऱ्यांत मी सामील होत नाही.

आरोग्याचा विचार जुन्या लोकांनी केला होता का? केला होता, पण आज ज्या पद्धतीने सांगितला जातो तसा नव्हे. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो असे आयुर्वेद मानतो, आणि चातुर्मासातील आहाराचे नियम त्या समजुतीशी जुळणारे आहेत. आपल्या भागात श्रावण म्हणजे मासळी बंद. पावसाच्या आरंभी मासळी अंडी घालते, समुद्र खवळलेला असतो, होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर असतात. सरकारची १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी याच शहाणपणाचे कायदेशीर रूप आहे. त्याच दिवसांत रानात तायकिळा, फागले, अळू, कुडुक उगवतात. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. तिच्यात लोह आहे, चुना आहे. आयताराच्या पूजेला हळदीच्या पानातल्या पातोळ्या होतात. व्रताच्या निमित्ताने घरातल्या बाईच्या पोटात वर्षातून काही दिवस तरी पालेभाजी जात होती. ही भाजी आता घरात येत नाही. उपासाची भजी, उपासाचा चिवडा आणि उपासाचे वेफर मात्र दुकानात बारमाही मिळतात.

चरकाने लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि उपवास हा त्यांतला केवळ एक. व्यायाम, वारा, ऊन, तहान सोसणे हेही त्याला लंघनच वाटते. लंघन कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये याचा विचार त्या शास्त्रात बारकाईने केला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग हा फार खाणाऱ्याचा नव्हे तसाच मुळीच न खाणाऱ्याचाही नव्हे, असा मध्यममार्ग सांगितला आहे.

अलीकडे मात्र एक नवी पोथी निघाली आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी आपलेच निकामी झालेले भाग पचवून पुन्हा वापरते, त्या प्रक्रियेचा त्यांनी उलगडा केला. लगेच आपल्याकडे व्याख्याने झाली की एकादशीला नोबेल मिळाले! ओसुमींचे मूलभूत प्रयोग किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या पेशींवरचे होते. एकादशी त्यांनी तपासलेली नाही. दुसरे सांगतात की, चंद्रामुळे समुद्राला भरती येते तशी शरीरातील पाण्यालाही येते, म्हणून त्या तिथीला उपास. शापोरा नदीला भरती येते हे आपण रोज पाहतो, परंतु घागरीतल्या पाण्याला आलेली भरती कोणी पाहिली आहे? आठवड्यातून एखादा दिवस कमी खाल्ल्याने स्थूल माणसाचे वजन उतरते, साखर सुधारते, हे खरे आहे. पण रोज बेताने खाणाऱ्यालाही साधारण तेवढाच लाभ होतो, असे आजवरच्या प्रयोगांतून दिसते. हे प्रामाणिकपणे सांगावे. व्रताला खोट्या विज्ञानाचा टेकू दिला की टेकू निसटेल त्या दिवशी व्रतही पडते.

व्रताचे खरे बळ मला दुसरीकडे दिसले. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई ही सात बहिणींपैकी एक, आणि तिची बहीण मोरजाई आपल्या तालुक्यात मोरजीला आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेपूर्वी धोंड काही दिवस व्रतस्थ राहतात. मासळी-मांस नाही, दारू नाही. विहिरीवर वा तळीवर स्नान, एकत्र राहणे, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे. हाती वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे हार, आणि शेवटी होमकुंडाच्या निखाऱ्यांतून अनवाणी चालणे. मे २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले, ती जखम ओली आहे. तिच्या कारणांचा विचार ज्यांचे काम आहे त्यांनी करावा. मी बोलतो ते व्रताविषयी. ज्यांची दारू सोडवताना माझे सारे उपाय हरले, असे काही धोंड त्या दिवसांत थेंबालाही शिवत नसत. मी एकाला विचारले, हे कसे जमते? तो म्हणाला, "एकटो आसतलों जाल्यार जमचें नाशिल्लें." सोबत जेवणारी, सोबत झोपणारी माणसे आणि समोर एक तारीख. व्यसनमुक्तीच्या केंद्रात आम्ही याहून वेगळे काय करतो? पंचमी उलटली की काही पुन्हा गुत्त्यावर जात, हेही सांगितले पाहिजे. काही मात्र पुन्हा गेले नाहीत.

आणि शीलाचा प्रश्न निघाला की मला साने गुरुजी आठवतात. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी त्यांनी उपोषण आरंभिले आणि मंदिर खुले होण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते सोडले. जे शहर एकादशीच्या उपवासाने ओळखले जाते तेथेच एका माणसाने विठ्ठलाच्या दारात सर्वांना जाता यावे म्हणून अन्न सोडले. गुणांच्या सहवासात राहणे ही उपवासाची जुनी व्याख्या मी मघाशी सांगितली, ती येथे अक्षरशः लागू पडते.

आता त्या व्युत्पत्तीकडे परत येतो. व्रत म्हणजे निवडलेले. आपल्या घरांतील स्त्रियांची व्रते खरोखर त्यांनी निवडलेली असतात काय? विधवेवर एकादशी लादली जात होती, तो काळ आजच्या वृद्धांनी पाहिला आहे. आज लादणे तसे उघड नाही, पण सोळा सोमवार, हरतालिका, संकष्टी, गुरुवार यांची सारी बेरीज एकाच माणसाच्या नावावर पडते आणि ते माणूस घरात सर्वांच्या शेवटी जेवते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या सर्व उपासामुळे नव्हेत, हे उघड आहे. पण आधीच रक्त कमी असलेल्या गर्भवतीने निर्जळी हरतालिका करावी असा आग्रह धरणारी सासू आणि त्यावर गप्प बसणारा नवरा यांनी कोणते पुण्य जोडले? पुरुषमंडळींना माझी सूचना आहे की, प्रतिनिधीने व्रत करण्याची जी मोकळीक शास्त्राने दिली आहे, ती त्यांनी एकदा वापरून पाहावी. पत्नीचे सोमवार वर्षभर आपण धरावेत. माझ्या परिचयातील एका गृहस्थाने असे केले, आणि चौथ्या सोमवारी घरातील उपासाच्या नियमांत मोठ्या सुधारणा झाल्या!

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. जो इन्शुलिन घेतो, किंवा स्वादुपिंडाला चेतवणाऱ्या गोळ्या घेतो, त्याने औषध घेऊन निराहार राहिल्यास रक्तातील साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. त्या क्षणी साखरपाणी घ्यावे, व्रताचा विचार नंतर. आणि औषध सोडून साबुदाणा खाल्ला तर काय होते ते मी आरंभीच सांगितले. उपास धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टर विचारणार नाहीत असे धरूनच चालावे, मी विचारले नव्हते.

अंगठ्याची जखम भरल्यावर मी काकीपुढे बसलो आणि तिला औषधाविषयीचे ते वचन अर्थासह वाचून दाखवले. तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावले. नंतरच्या एकादशीपासून ती सकाळी तुळशीला पाणी घाली, तुळशीच्या पानावर गोळी ठेवी आणि तीर्थाबरोबर घेई. खिचडी तिने सोडली. वरीची पातळ पेज आणि ताक एवढेच एकवार घेऊ लागली. सोमवारचे दूध ती शेजारच्या पोराला देई. पुढे ती अकरा वर्षे जगली आणि एकही एकादशी तिने चुकवली नाही. मात्र त्या दिवशी, ते वचन दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर, तिने पुस्तकाकडे पाहिले, बांधलेल्या पायाकडे पाहिले आणि मला विचारले, "मागीर हें आदीं कित्याक सांगलें ना रे?"